पासपोर्टचे सात महिने

दोन हजार चोवीस साल, मला एकोणसत्तरावं लागलेलं. सौदीत दम्मामच्या माझ्या दुकानात बसलो होतो आणि ऑस्ट्रेलियातून मुलीचा फोन आला. ती तिथे आपल्या लोकांसाठी छोटं मासिक चालवते. रडत नव्हती, पण आवाज बसलेला.

"अब्बा, त्याने वकिलाची नोटीस पाठवलीय. बदनामीची."

तो म्हणजे इथल्या आमच्या जुन्या कामगार कॅम्पचा मुकादम. कामगारांचे पासपोर्ट स्वतःच्या कपाटात कोंडून ठेवायचा. आता ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्ष व्हायला निघालेला, म्हणून मुलीने ते छापलं. माझा पासपोर्ट दोन वर्षं दाबला, हेही छापलं. माझ्याच तोंडचं.

माफी छापू का, विचारत होती. मी उसळलो. "माफी? खरं बोलल्याची?"

"नुसतं खरं असून भागत नाही. खरं आहे हे छापणाऱ्यानेच दाखवायचं. वकीलबाई म्हणतात, आपलं मत म्हणून लिहिलं असतं तर वेगळा बचाव होता."

"मत कसलं गे? पासपोर्ट माझा होता!"

"मग पुरावा द्या, अब्बा. नाहीतर मासिक गेलं."

पुरावा होता. मी तिसरी शिकलेला. पासपोर्ट कुणाला दिला की इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, झेरॉक्सवर मागच्या बाजूला तारीख घालून सही घ्यायचो, परत मिळाला की पुन्हा. कॅम्पात चेष्टा व्हायची, "चाचा, निकाहाची पण पावती घेतलीत काय?"

पेटीतून कागद निघाला. दोन्ही सह्या त्याच्याच. मधले महिने मोजले. सात.

दोन वर्षं मीच केली होती, सांगून सांगून. तासभर फोन हातात धरून बसलो. पोरीपुढे खोटं पडायचं म्हणजे जीव जातो. पण मासिक तिचं होतं. सांगितलं. ती म्हणाली, "वकीलबाईंना विचारते."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "चालेल, अब्बा! मुख्य आरोप खरा ठरला की एवढ्या चुकीने बचाव पडत नाही. त्याने पासपोर्ट अडकवला, हे खरं ना? महिन्यांची दुरुस्ती तेवढी छापते. आणि तुमच्या बाकीच्या गोष्टीपण आता मोजून घेऊ का?"

"घे, घे," म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसलो. पुढे मुकादमाने नोटीस मागे घेतली, पण मी सुटलो तो त्याच संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे गेलो, कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवल्या, आणि "मिळाले" असं तिचं उत्तर येईपर्यंत तिथून हललो नाही.