काकड्याच्या महिन्यातलं पाळणाघर

दोन संस्थांनी मिळून अर्ज केला तरच मदत मिळेल, ही अट दौंडच्या बैठकीत सांगितली गेली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं कुणी नको तिथली सोयरीक सुचवावी. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या छोट्या मंडळांना, बचत गटांना एक ट्रस्ट थोडीथोडी मदत देणार होता. रक्कम बेताचीच, पण एकट्याने मागायची सोय नव्हती. माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले, "आमच्या गावात दोन मंडळं हायत, पर दुसरं पैल्यातनंच फुटल्यालं. आता परत एक व्हा म्हनत्यात व्हय!"

मला मात्र घाई होती. कारेगावात आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत नांदेडकडची एक बाई राहते. कंपनीत कंत्राटावर, नवराही तसाच, पण दुसरीकडे आणि रात्रपाळीला, सकाळी आठनंतर येऊन झोपणारा. तिची मुलगी तेव्हा वर्षाची होती. कधी शेजारीण, कधी माझी सून असं करून ती पोर सांभाळली जायची. गावात अशी आणखी डझनभर लेकरं होती. पाळणाघर हवं होतं, आणि त्यासाठी आमच्या बचत गटाकडे बायका होत्या, जागा नव्हती.

जागा भजनी मंडळाकडे होती. देवळाला लागून पक्का हॉल, पंखे, नळ, सगळं. गुरुवारी आणि एकादशीला संध्याकाळी भजन, बाकी कुलूप. मंडळाचे प्रमुख आप्पा, तेच पखवाज वाजवतात. मी विचारायला गेले.

"पोरं पखवाजाला हात लावत्याल," आप्पा म्हणाले.

"कपाटात ठेवा."

"कपाट कुठंय?"

"अर्जात घालू."

आप्पांनी सही केली. माझ्या सुनेला मूल झालं तरी आप्पांच्या लेखी मी अजून सूनबाईच आहे. निघताना म्हणाले, "सूनबाई, तुमी लई डोकेबाज. कपाटावर आमाला इकत घेतलं."

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: जागा कोणत्या वेळेत मोकळी असते? वैशाखातल्या एका दुपारी, हॉलच्या पायरीवर बसून, गटाच्या चौघी आणि मंडळाचे तिघे अशा सातजणांनी एकमताने लिहिलं: दररोज सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत. सातही जणांची हयात याच गावात गेलेली. कार्तिकाचा महिनाभर त्याच हॉलमध्ये पहाटे पाच ते सात काकडा चालतो, हे त्यातल्या एकालाही आठवलं नाही. आठवलं नाही असंही नाही. काकड्यासाठी हॉल 'वापरला' जातो असं कुणाच्या मनातच आलं नाही. कार्तिक लागला की पहाटे उठायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

श्रावणात पाळणाघर सुरू झालं. सतरंज्या, पाण्याचा फिल्टर, पायरीला लोखंडी फाटक, दोन बायकांना मानधन. आणि कपाट. पहिल्या शिफ्टच्या आया साडेसहाला लेकरं सोडून सातच्या आत कंपनीचं गेट गाठायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

कोजागरीच्या संध्याकाळी आप्पा दारात आले. "सूनबाई, उद्यापास्नं काकडा. सात वाजेपातुर पोरं आणू नगा."

मी कपाळावर हात मारला. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या भाडेकरणीला सुपरवायझरने बजावलं होतं: महिनाभरात एक जरी खाडा झाला किंवा उशीर झाला तर पुढच्या कंत्राटात नाव नसेल. लेकीच्या तापापायी तिचे आधीच तीन खाडे झाले होते. आणि सातपर्यंत पोरं माझ्याकडे ठेवावीत, तर माझ्या पडवीला ना दार ना कठडा, समोरून कंपन्यांचे ट्रेलर जातात. तिथे एवढी पोरं ठेवणं म्हणजे वेडेपणा.

"आप्पा, पोरं काकड्यालाच येतील," मी म्हणाले.

"रडत्याल."

"मागं बसवू."

"मुतत्याल!"

"पुसू."

आप्पा हात झटकून चालू लागले. तो होकार आहे, असं मी परस्पर ठरवलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला लेकरं आली. आम्ही बायका मागच्या सतरंजीवर त्यांना घेरून बसलो. पुढे म्हाताऱ्यांचा आवाज टिपेला पोचलेला. पोरं टाळांकडे डोळे फाडून बघत होती, एकही रडलं नाही. मला बरं वाटलं तेवढ्यात नांदेडवालीची पोरगी माझ्या हातून निसटली, तुरुतुरु पुढे गेली आणि तिने पखवाजावर दोन्ही हातांनी फटका मारला.

भजन थांबलं. टाळही थांबले. पोरीची आई दारातच होती, गळ्यात कंपनीचं कार्ड, निघायच्या घाईत एकाच पायात चप्पल चढवलेली. तिने चप्पल काढली आणि आत आली. "काकू, मी घेऊन जाते हिला. आज राहू द्या कामाचं."

आप्पांनी पोरीकडे पाहिलं. पोरीने आणखी एक फटका मारला.

"ए बाई, तू कुठं चालली?" आप्पा आईवर ओरडले. "घड्याळ बघ. गेट लागंल तुझं."

"पण हिनं…"

"हिनं काय? मगाधरनं माझाच ताल चुकत हुता. जा, पळ!"

ती पळाली. आप्पांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने जमेल तसा ठेका धरला. भजन कसंबसं पुढे सरकलं. मागच्या एका पोराने सतरंजी ओली केली, ती मी पुसली.

त्या महिन्यात तिचा एकही खाडा झाला नाही. पुढच्या कंत्राटात नाव लागलं, आणि तिने मला उभ्याउभ्याच, रात्रपाळीवाल्या नवऱ्याचा डबा भरता भरता, ते सांगितलं. मीही 'बरं झालं' म्हणून कामाला लागले.

अडचण कार्तिक संपल्यावर आली. सकाळी हॉल मोकळा, पखवाज कपाटात, आणि पोरगी कपाटाला धरून भोकाड पसरायची. ती रडली की बाकीचीही रडायची. दोन दिवस मी हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी आप्पांच्या घरी गेले. तेव्हापासून आप्पा रोज साडेसहाला येतात, अर्धा तास वाजवतात आणि जाताना न चुकता ऐकवतात, की पोरांच्या नादानं त्यांचा हात बिघडला.