उजवा कौल मिळालेला जुगारी

माझा नवरा जुगारी होता. पत्त्यांवर आमचं घर चालायचं. मी हे कधी लपवलं नाही आणि आता या वयात लपवून काय मिळवायचं आहे? आमच्या मालवणकडच्या बायका नवऱ्याचा धंदा सांगायची लाज वाटली की 'मुंबैक असतत' म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी पडले शाळामास्तरीण, हजेरीपटावर खरं तेच लिहायची सवय. बदलीच्या अर्जात 'पतीचा व्यवसाय' या रकान्यात मी सरळ 'पत्ते खेळणे' असं लिहिलं. हेडमास्तरांनी तो कागद दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "बाई, शेती लिहा." मी म्हटलं, "गुरुजी, आमच्याकडे शेतच नाही." शेवटी त्यांनीच आपल्या हाताने शेती लिहिलं आणि त्या अर्जापुरती मी शेतकऱ्याची बायको झाले.

आमचं लग्न पन्नास-एक्कावन्नच्या सुमाराला झालं. लग्नानंतर चार-पाच दिवसांनी ते पडवीत पत्ते पिसत बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "गो, माझो धंदो तुका म्हायत आसा मा? पण एक आयक. माझ्या हातात लबाडी नाय. लोक जुगारी म्हणतीत, म्हणांदेत. लबाड म्हटल्यानी तर मी जगाचंय नाय."

मला हे बोलणं तेव्हा फार मोठं वाटलं नाही. नवी नवरी होते, आणि सगळेच नवरे पहिल्या आठवड्यात असं काहीतरी बोलतात. पण त्यांच्या लेखी तेवढी एकच गोष्ट जपण्यासारखी होती. पुढे जे झालं ते सगळं त्यातूनच झालं.

त्यांचं डोकं मात्र खरोखर वेगळं होतं. पावसाच्या चार महिन्यांत जत्रा नसत, मोठे डाव नसत, तेव्हा ते घरी असायचे. एकदा मी गंमत म्हणून शाळेच्या हजेरीपटातली बेचाळीस नावं महिन्याच्या हजेरीसकट मोठ्याने वाचली. त्यांनी ती ओळीने म्हणून दाखवली, मग उलटी म्हटली, आणि वर विचारलं, "एकोणिसावो पोरगो सारखो गैरहजर कित्या?" मला त्यांनी रमी शिकवली ती त्या पावसाळ्यात. तेरा पानं हातात, ढिगातून किंवा आधीच्या माणसाने टाकलेलं एक उचलायचं, एक टाकायचं, ओळी नि जोड जुळवायच्या. माझ्या हातात काय आहे ते त्यांना चौथ्या-पाचव्या पानातच कळायचं. मला राग यायचा. मी पत्ते फेकून चुलीकडे जायची आणि ते मागून ओरडून सांगायचे की बदामची राणी टाकलीस तिथे चुकलीस.

ही त्यांची खोड. समोरच्याला हरवून थांबायचे नाहीत, तू कुठे चुकलास ते सांगायचे. सांगताना त्यात खवचटपणा नसायचा. मी मुलांना गणित समजावते तसं ते समजावायचे. पण हरलेल्या माणसाला वर शिकवणी नको असते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आधी गावोगावच्या जत्रा झाल्या. मग कसालच्या बाजारात त्यांचं नाव झालं, आणि मग फोंडाघाटला एका लाकूडवाल्या शेठच्या वखारीवरच्या माडीत त्यांची बैठकच ठरली. घाटावरून गूळवाले नि तांदूळवाले मुद्दाम त्यांच्याबरोबर एक दिवस बसायला उतरायचे. दारू नाही, विडी नाही, पांढरा सदरा आणि समोर तांब्या. एस.टी.तून परत आले की कंडक्टर त्यांची पिशवी उतरवून द्यायचा. गावात बायका माझ्या पाठीमागे बोलायच्या, पण नवऱ्याचं मुंबईचं पत्र वाचून घ्यायला माझ्याच दारात यायच्या. मी वाचून द्यायची. मान वर करून द्यायची.

मग आमच्याच गावच्या जत्रेत भातगिरणीवाल्याने माती खाल्ली. तो दिवसभर हरला, आणि वर यांनी त्याला तो कुठे चुकला ते सांगितलं. तो चारचौघांत उठून ओरडला, "ह्येच्या बाह्यांत पानां आसत!" यांनी तिथल्या तिथे सदरा काढून त्याच्या हातात दिला. बाह्यांत काहीच नव्हतं. लोक हसले, गिरणीवाला गेला, प्रकरण संपायला हवं होतं.

यांच्यापुरतं ते संपलं नाही. घरी येऊन त्यांनी चारही सदरे माझ्यापुढे टाकले नि बाह्या कापायला सांगितल्या. मी नाही म्हटलं, भांडले, आणि शेवटी कापल्या. थंडीत ते तसले उघड्या दंडांचे सदरे घालून हिंडायचे. तेवढ्यानेही समाधान होईना. एक दिवस म्हणाले, मी देवाला कौल लावतो.

आमच्याकडे गावाला काही ठरवता आलं नाही की देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचे तंटे असे सुटायचे, लग्नं अशी ठरायची. पण पत्त्यांसाठी कोणी कौल लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "देवाक पत्त्यात कित्या घालतास?"

"हात सोवळो आसा ता देवानच सांगांदे," ते म्हणाले.

सकाळी सगळा गाव देवळात जमला. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान पत्त्यात लबाडी केली नसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!" लोकांचं "व्हय म्हाराजा" पुरतं व्हायच्या आत उजवी पाकळी खाली आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिरणीवाल्याने सगळ्यांदेखत यांना नमस्कार केला. यांची मान मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती.

आणि त्या दिवशी त्यांचा धंदा बसला.

देवाने ज्याला उजवा दिला, त्याच्यासमोर पत्ते घेऊन बसणार कोण? लोक मान द्यायला लागले. रापणवाले नवं जाळं घेऊन आले, म्हणाले, हात लावा. बायका बियाण्याचं सूप पुढे करायच्या. पण पत्त्यांचा कॅट काढला की प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. एकाने तर तोंडावर सांगितलं, "देव ज्येच्यावांगडा आसा, त्येच्या समोर कोण बसतलो रे?" बातमी कसालला गेली, फोंड्याला गेली. आठ महिने ते घरात बसून होते. ज्या माणसाला एक गोष्ट जन्मजात येते, त्याला तीच करू दिली नाही तर तो कसा दिसतो ते मी पाहिलंय. त्यापेक्षा डावा कौल परवडला असता असं मी देवासमोर उभी राहून म्हटलं आहे.

मग ते हरायला लागले.

आधी मला कळलं नाही. फोंड्याला गेले, शेठने कसेबसे दोघे बसवले, तिथे हरून आले, पुढच्या खेपेला चार माणसं जास्त बसली. लोक म्हणाले, यांच्यावरचा देवाचा हात उठला. तिसऱ्या खेपेला मी जेवताना विचारलं तर हसून म्हणाले, "मुद्दाम गो. हरूक जिंकण्यापरास जास्त डोक्या लागता." कधी जिंकायचे, बरेचदा हरायचे, घर कसंबसं चालायचं, आणि माझा पगार होता. मी विचारलं, ही लबाडी नाही का? ते म्हणाले, माझंच नुकसान करतोय, कोणाला फसवत नाही. मी गप्प बसले. तिथे मी गप्प बसायला नको होतं.

कारण त्यांना त्याची गोडी लागली. घरी येऊन जिंकलेल्या डावाबद्दल बोलेनासे झाले. समोरच्याला हवं ते पान त्याला न कळता कसं पोचवलं, तो किती खूश झाला, हेच सांगत बसायचे. सात-आठ वर्षं असं चाललं.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी फोंडाघाटच्या माडीत भर दुपारी ते सापडले. लाकूडवाल्या शेठची पाळी यांच्यानंतर होती. शेठने किलवरची अठ्ठी आणि दश्शी उघड उचलली होती, म्हणजे त्याला मधली नश्शी हवी. ती यांच्या हातात. उघडी टाकली असती तर मुद्दाम दिली हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. म्हणून यांनी ढिगावरून एकाऐवजी दोन पानं उचलली आणि नश्शी ढिगावर ठेवून दिली, शेठने ती आपल्या नशिबाने ओढावी म्हणून. नेमका त्या दिवशी आमचा भातगिरणीवाला शेजारी बसला होता. त्याने यांचं मनगट धरलं. एकाच्या जागी दोन पानं सगळ्यांनी पाहिली. नश्शी कोणी पाहिली नाही. ठेवणारा हात आणि चोरणारा हात दिसायला सारखाच असतो.

तिथून ते तडक घरी आले. मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मगे सांगा लोकांका." ते म्हणाले, "काय सांगू? सात वर्सां तुमका जिंकवलंय म्हणून?"

गावात एकच बोलणं झालं, ह्याने देवाला खोटं पाडलं. शनिवारी दुपारी देवळाकडे बोलावणं आलं. नाक घासून माफी मागायची आणि लबाडी कबूल करायची असं ठरलं होतं. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर मी तशीच गेले. आमच्याकडे अशा ठिकाणी बायका बोलत नाहीत. मी बोलले.

मी मानकऱ्यांना सांगितलं, "पान फिरवल्यानी ता खरा आसा. पण जिंकूक नाय, हरूक. तुमच्यातले जे जे ह्येंच्याकडे जिंकलेत, ते सगळे ह्येंनी जिंकवलेले आसत." एकेका चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गिरणीवाला तेवढा हसला. "बाई, मुद्दाम हरणारो जुगारी कोणी बघल्यान हा?" मी म्हटलं, "मगे बसा. आत्ता, हयसर पारार, सगळ्यांच्या म्होरे. पानां तुमीच पिसा, तुमीच वाटा."

हे माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "नको गो."

मला वाटलं, मानी माणूस, त्याला असा खेळ मांडायचा नसेल. मी त्यांचा दंड धरून पारावर बसवलं. पाच डाव ठरले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. पहिल्या डावात त्यांनी नको असलेला इस्पिकचा राजा धरून ठेवला आणि हरले. दुसऱ्यात गिरणीवाल्याने समोर उचललेलं पान विसरले. मला संताप आला. मी एवढ्या लोकांत उभी राहिले आणि हा माणूस अजून त्याचाच खेळ खेळतोय! तिसऱ्या डावात मी त्यांची बोटं पाहिली. ती दोन पानांवरून पुढे-मागे फिरत होती. गणित न येणारं मूल फळ्यापुढे खडू घेऊन उभं राहतं, तशी. मग मला कळलं. पाचातला एक डाव त्यांनी जिंकला.

घरी चालताना वाटेत ते थांबले. "मी मुद्दाम हरूक नाय गो," म्हणाले. "माका माझी पानां दिसतच नाय आता. समोरच्याचीच दिसतत."

 दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी विचारलं, काय झालं. मी कळशी भरत म्हटलं, "काय होतला? परत मुद्दाम हरले. गिरणीवाल्याची कीव इली." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. लोकांनी पटकन मानलं, कारण मानलं नाही तर देव खोटा पडत होता. माफीचं नाव परत कोणी काढलं नाही. बिचारा गिरणीवाला आपण खरंच जिंकलो का, हे कोणाला विचारू शकला नाही.

यांच्या कानावर आलं तेव्हा मी मासे कापत होते. ते दारात उभे राहिले. त्यांनी मला सांगितलं, सात-आठ वर्षांत पारावरचे तेवढेच डाव ते सरळ खेळले होते. कोणाला काही दिलं नाही, कोणाचं काही लपवलं नाही, जे होतं ते समोर मांडलं आणि हरले. 

"माका खरो हरूक पण दिलंस नाय तू," ते म्हणाले.

"नाय दिलंय," मी म्हटलं. "फुडे देवचंय पण नाय."

त्यानंतर त्यांनी पत्त्याला हात लावला नाही, आणि ते जाईपर्यंत मी गावाला तेच सांगत राहिले. त्यांच्या हातात लबाडी नव्हती. होती ती माझ्या तोंडात, आणि त्या विहिरीवर मला पुन्हा कोणी विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन.