चकपासून घेतलेली मापं

मी चौथीपर्यंत शिकलो आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. सातपूरच्या आमच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर माझ्यासारखा हात दुसऱ्याचा नाही, हे साहेबच म्हणायचे. म्हणून ऐंशी सालानंतर भोकांच्या कागदी टेपवर चालणारं नवीन मशीन आलं, ते माझ्याच ताब्यात दिलं.

काचेच्या खोलीत कॉम्प्युटर आणि एक तरुण मॅडम. त्यांनी मापं टाइप केली की कॉम्प्युटर ती मशीनच्या भाषेत उतरवायचा आणि टेपला भोकं पाडून द्यायचा. त्याआधी मॅडमनीच लिहिलेला तपासणीचा प्रोग्राम सगळ्या सूचना नुसत्या वाचून बघायचा, कापणारं टूल कुठं आदळणार तर नाही. धोका असो वा नसो, काय निघालं ते कागदावर छापायचा आणि तो कागद माझ्याकडे यायचा.

एकदा पंपाचा जुना शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, दुरुस्तीला आला. ड्रॉइंग नव्हतं. मापं मीच घेऊन सांगितली. तपासणीत काही निघालं नाही. मी बटण दाबलं आणि टूल भरवेगात शाफ्टमध्ये घुसलं. तुटलेला तुकडा कानाजवळून गेला.

मी तसाच काचेच्या खोलीत शिरलो. "तुमचा कॉम्प्युटर आंधळा हाय का मॅडम? जीव गेला असता माझा!"

साहेब धावत आले. म्हणाले, "चूक कुठं आहे ती काढा. मिस्तरींची निघाली, तर मिस्तरी जुन्या लेथवर."

मॅडम जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. संध्याकाळी मशीनपाशी आल्या. "काका, मापं कुठून मोजलीत?"

"चकपासून. आणखी कुठून मोजणार?"

चक म्हणजे कातायचा तुकडा पकडणारा मशीनचा जबडा. आम्ही जुनी माणसं सगळं तिथूनच मोजायचो. कॉम्प्युटर मात्र तुकड्याच्या मोकळ्या टोकापासून मोजायचा. माझा प्रत्येक आकडा त्याला टोकाच्या बाहेरचा, हवेतला वाटला. हवेत कशाला काय आदळतंय? मशीनवरचं शून्य मात्र मी चकपाशीच लावलं होतं, म्हणून टूल खऱ्या शाफ्टवर गेलं. ड्रॉइंगवरच्या कामात हे कधी घडलंच नव्हतं.

"म्हणजे चूक माझीच," मॅडम म्हणाल्या. "प्रोग्रामनं हे विचारायला हवं होतं."

मी मिशीवरून हात फिरवला.

त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो आधी शून्य कुठं धरलंय ते विचारायचा. साहेबांसमोर तीच मापं पुन्हा घातली. प्रिंटर खडखडला. मॅडमनी कागद फाडून मोठ्या मानानं माझ्या हातात दिला. "काका, तुम्हीच वाचा. मशीन तुमचं आहे."

सगळं इंग्रजी. सगळा कारखाना बघत होता.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

"मिस्तरी, नाकावर काय हाय मग?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

"आजवरचे कागद कोण वाचत होतं?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही. मी कागद बघायचो, मान हलवायचो आणि बटण दाबायचो. हे मला बोलावं लागलं नाही. मॅडमच्या तोंडाचा रंगच उडाला.

साहेबांनी मशीन काढून घेतलं नाही. मॅडमनी वाचून दाखवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आपणहून जुन्या लेथवर जाऊन उभा राहिलो. मॅडम आल्या. "काका, मी हळूच वाचून दाखवीन ना. कुणाला कळणार पण नाही."

मी मान वर केली नाही. घरी सांगितलं, नवीन मशीन बिघडलंय.