पल्याडचा कान

मी कुलपात किल्ली घातली. ती फिरेना, म्हणून कुलपाला, किल्लीला आणि किल्ली करून देणाऱ्याला एकेक शिवी हासडली आणि शेवटी दाराला खांदा लावला. तेवढ्यात दार आतून उघडलं. समोर बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे. हातात ताटली, ताटलीत अर्धी खाल्लेली काकडी.

"या," ते म्हणाले. "तुमचं घर खाली गेलंय."

खरंच गेलं होतं. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तिसरा मजला तिच्या कामाचा उरला नाही. मग त्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर आम्ही भाड्यानं घेतलं आणि आमचं वरचं भाड्यानं दिलं. मी दवाखान्यात अडकलेला, म्हणून भाडेकरू अलकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पारखून घेतला होता. मी खाली राहायला येऊन आठवडा झाला होता. माझे पाय मात्र अजून वरच राहत होते.

"माफ करा, सवय हो," मी म्हणालो.

"माफी कशाला? मेंदू शाबूत असल्याचा दाखला आहे हा. इतक्या वर्षांची मेहनत एका आठवड्यात कशी पुसंल? बसा. काकडी खा."

हे शेंडगे सर. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. वेरूळच्या डोंगराकडचं त्यांचं गाव, वडील मेंढ्या राखायचे. सर शिकले, इंग्रजीतून मेंदू शिकवू लागले, पण बोलणं गावचंच राहिलं. ते म्हणायचे, "इंग्रजी पोटासाठी हाय, पाटील. गप्पा मारायला नाय." आमचं आडनाव पाटील नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. लासूर स्टेशनकडं शेत आहे म्हटल्यावर त्यांच्या लेखी आम्ही पाटीलच.

त्या काळात आमच्या घराला एकच रंग होता, दमणुकीचा. आईला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. त्यात नळाला पाणी यायचा वार आला की अलका पहाटेपासून ड्रम, बादल्या, पातेली भरत सुटायची. मी मदत करायचो. म्हणजे कोणता ड्रम भरला नाही ते दाखवायचो.

आईच्या उजव्या हाताची बोटं हळूहळू थोडी हलायला लागली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडम सांगून गेल्या होत्या की त्याच हातानं कामं करू द्या. आम्ही गोड हसून ऐकलं आणि आईला भरवत राहिलो. आई आजारी, आणि मुलगा समोर बसून तिला धडपडू देणार? आमच्यात असं चालत नाही.

एकदा सर दुधाची पिशवी द्यायला आले आणि दारातच थांबले. मी घास भरवत होतो. त्यांनी ते पाहिलं आणि आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"आक्का, तुमच्या शेतात मेंढरं बसायची का?"

आईचा वाकडा झालेला ओठ हलला. "बसायची की. दर साली." शब्द जड यायचे, पण यायचे.

मेंढ्या शेतात बसवायची आमच्याकडं जुनी रीत. कळप रात्री शेतात मुक्काम करतो, जमिनीला खत मिळतं, आणि मेंढपाळांना शेतकऱ्याच्या घरून भाकरी जातात.

"मग भाकर कोण धाडायचं?"

"मीच. टोपलं भरून."

"मंग आता मेंढरं बसलीत. भाकर कुठाय?"

"मेंढरं कुठायत?"

"तिसऱ्या मजल्यावर. पाटलांना इचारा, ते परवा बघून आलेत."

आई हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. हसताना तोंडातला घास सांडला, मी पुसायला धावलो, तर सरांनी माझं मनगट धरलं. "त्यांचं त्यांना पुसू द्या."

मग जाताना जिन्याशी उभं राहून त्यांनी मला मेंदू समजावला. "पाटील, डोक्यातल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसत्यात. मधी फट असती. पुस्तकात तिला सिनॅप्स म्हणत्यात, तुम्ही नाला म्हणा. नाल्याच्या अल्याड एक मेंढपाळ, पल्याड दुसरा. अल्याडच्यानं हाक मारली. पल्याडचा डुलक्या घेतोय, तर हाक गेली वाया. पण हाक आली आणि त्याच टायमाला तो जागा झाला, असं पुन्हा पुन्हा झालं, तर पल्याडचा काय करतो ठाऊक हाय? कान वाढवून घेतो."

"कान?"

"व्हय, जादा कान. हाक तेवढीच, ऐकू येतं लई. दोघांतली गाठ पक्की होती. ह्यालाच शिकणं म्हणत्यात, ह्यालाच ध्यानात राहणं. आक्कांच्या डोक्यातले काही मेंढपाळ गेले. उरल्यासुरल्यांना नवीन हाका शिकवायच्यात."

"आणि हाकच मारली नाही तर?"

"तर कान आवरून घेतो. रिकामे कान कोण सांभाळत बसतंय?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. डॉक्टरांना आणि त्या मॅडमना विचारून सरांनी एक नियम काढला. दुपारी थोडा वेळ आईचा चांगला डावा हात तिच्याच पदरानं कमरेशी सैलसर बांधायचा, म्हणजे उजव्याला बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही. समोर काठवटीत ज्वारीचं पीठ. उजव्या हातानं ते नुसतं गोळा करायचं. पीठ काठवटीत कमी आणि फरशीवर जास्त. फरशी अलका पुसायची.

शाळा झाली की सर फर्मान सोडायचे, "आता झोपा, आक्का. शिकलेलं झोपंत मुरतं. लोणच्यागत." ते स्वतःही वर जाऊन झोपायचे. मेंदूशास्त्रातला हा भाग मात्र मला पहिल्या दिवसापासून पटला, आणि कचेरीतही मी तो टेबलावर मान टेकून मनापासून पाळला.

बोटं वळायला लागली होती, तेवढ्यात लासूरहून बापूकाका आले. माझे धाकटे चुलते. आल्या आल्या त्यांना दिसलं ते असं: वहिनी भिंतीला टेकलेली, एक हात पदरानं बांधलेला, घामेजलेली, आणि कुणी परका माणूस समोर बसून म्हणतोय, "अजून एकदा, आक्का. जोर लावा."

"आरं," काका माझ्याकडं वळले, "आईला बांधून ठिवली का रं? भावकीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाय!"

मला सिनॅप्स आठवला नाही, नाला आठवला नाही. फक्त भावकी आठवली. मी झटकन पदर सोडला, ताट मागवलं आणि काकांसमोर आईला वरणभाताचे घास भरवले. सर उठून गेले. काका मुक्कामी होते तोवर मी भरवतच राहिलो. काका परत गेल्यावरही शाळा काही सुरू झाली नाही. खरं सांगायचं तर भरवणं सोपं होतं. घास पटापट संपायचे, फरशी स्वच्छ राहायची आणि मला चांगला मुलगा असल्यासारखं वाटायचं.

मग एका सकाळी सर आले. आईच्या हातात लिंबू देऊन पाहिलं. ते घरंगळलं.

"आक्कांचा हात कुणी सोडला?"

"मी."

"घास कुणी भरवले?"

"मीच."

"म्हंजे शिकलं कोण? तुम्ही. तुमचा हात लई हुशार झाला, पाटील. बक्षीस देऊ का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमची माया खरी हाय, त्याबद्दल दुमत नाय. पण तुम्ही त्यांच्या वतीनं ओ देऊन टाकता. पल्याडचा उठणार कशाला?"

अलकानं काठवट आणून आईपुढं ठेवली.

त्यानंतरचे महिने सगळे सारखेच गेले. पीठ, पदर, फरशी, झोप. कंटाळा आम्हाला यायचा, आईला यायचा. ती कधी रडायची, कधी सरांवर पीठ फेकायची. सरांना कंटाळा यायचा की नाही कोण जाणे. दार वाजवायच्या आधी ते मेंढ्या हाकतात तशी जिभेनं टकटक करायचे आणि विचारायचे, "भाकर?" हिवाळ्यात आईनं गोळा मळला, पुढं डावा हात मोकळा करून दोन्ही हातांनी तो थापला, आणि एक भाकरी तव्यावर गेली. एका बाजूला जाड, दुसरीकडं भोक. सरांनी ती चावून पाहिली. "आक्का, ही भाकर हाय का वेरूळचा दगड? लेणं कोरता यील हिच्यात." आणि सगळी खाल्ली. आईचा चेहरा त्या दिवशी सरळ दिसला, किंवा मला तसा वाटला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सर एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मुलगी आली, सगळं आवरलं, आणि सामान घेऊन गेली. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मास्तर उपाशी गेले का जेवून?"

मग तिनं हात टेकले. काठवट पुढं ठेवली की मान फिरवायची. "कुणासाठी?" म्हणायची. उजव्या हाताची बोटं पुन्हा आखडायला लागली. मी रोज बघत होतो आणि रोज स्वतःला सांगत होतो की उद्यापासून नक्की. सरांचं सगळं शास्त्र मला पाठ होतं. आईला भाकरी मागायची मात्र मला लाज वाटत होती. अलकाच्या हातच्या दोन पोळ्या मला समोर ताटात मिळत होत्या. कोणत्या तोंडानं मागणार? मग मी काय केलं? पुन्हा चमचा हातात घेतला.

एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर स्वयंपाकघर थंड. नळाचा वार होता, पाणी धड आलं नव्हतं, टँकरच्या रांगेत अलकाची दुपार गेली होती. ती आईच्या खुर्चीजवळ फरशीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय. मला काही सुचत नाही. तुम्ही कराल का काही?"

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला, बोटं एकेक करून सरळ केली आणि म्हणाली, "काठवट दे."

मी पुढं झालो. दोघींनी एकदम माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मागं झालो. भाकरी व्हायला फार वेळ लागला. पहिली मोडली. दुसरी जाडच झाली, पण गोल होती. अलकानं ती मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली आणि आणखी मागितली. आईनं पुन्हा पिठाला हात घातला.

आई झोपल्यावर भांडी घासता घासता मी अलकाला म्हणालो, "कमाल केलीस. सर असते तर शाबासकी दिली असती. नाटक काय झकास केलंस!"

ती तवा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाटक कसलं हो? खरंच दमले होते मी."