त्यांच्या खात्यावर शिकलेलं सीएसएस

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. लोकांनी तोंडात बोटं घातली. घालोत बापडे. झालं असं की चौकात लावायच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना माझ्या मोबाइलवर आला, आणि त्यात ह्यांचा डावा कान कापला गेला होता. फोटोतली मागची भिंत काढताना घाई केली की असं होतं. अमरावतीत ज्या दुकानात मी फ्लेक्सचं डिझाइन करायचे, तिथलाच तो नमुना, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायचीही सोय नाही. मी चप्पल घातली आणि निघाले. मला पाहून मालक खुर्चीवरून उठून उभेच राहिले. मी कान जोडला, मागे फिकट निळा रंग दिला. खाली 'शोकाकुल' म्हणून गल्लीतल्यांची नावं लावायची होती, त्यात दोघांना आपलं नाव सगळ्यात वर पाहिजे होतं. दोघांनाही एकाच ओळीत बसवलं. प्रिंट निघेपर्यंत थांबले. रंग बरा आलाय, एवढंच वाटलं. दुसरं काही वाटलंच नाही.

पुढे कितीतरी दिवस हेच चाललं. पोळी जळाली तर जळाली. शेजारच्या बाया येऊन रडायच्या, मी त्यांना पाणी आणून द्यायचे. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही म्हणून एकीनं सासूबाईंच्या कानात काहीतरी सांगितलंही. सासूबाई तिला म्हणाल्या, चहा घे आन् जाय.

घरात आता आम्ही दोघीच. मूलबाळ नाही. मोठे दीर बाळापूरचे, माणूस चांगला आहे, उगाच नाव का ठेवू. तेरवी झाल्यावर त्यांनी सरळ मांडलं: दुकानाच्या पगारात अमरावतीचं भाडं निघायचं नाही, तेव्हा आई आमच्याकडे येईल आणि तुम्ही चांदूर बाजारला माहेरी जा. आखजी झाली की, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, गाडी घेऊन येतो. चुकीचं काय होतं त्यात? सासू-सून, मधला माणूस गेला, आता कशाच्या जोरावर एकत्र राहायचं? सासूबाई मान खाली घालून लसूण सोलत राहिल्या. मला मात्र एक गोष्ट कळली, ती अशी की मला कुठेही जायचं नाही. जी काही एक इच्छा शिल्लक होती ती तेवढीच. ह्यांच्या आईसोबत ह्याच दोन खोल्यांत राहायचं होतं.

हे एका कॉलेजात कंप्युटर लॅब सांभाळायचे, कंत्राटावर. त्यातून सुटायचं म्हणून वेबसाइट बनवायचं शिकत होते, फुकटात, इंटरनेटवरून. लॅपटॉप उघडला तेव्हा त्यांचा कोर्स जिथं राहिला होता तिथंच उघडा होता. मी फक्त पुढचा धडा कोणता ते पाहिलं. मग तो केला. काही वाटायची गरज नसलेलं काम होतं, म्हणून बरं होतं.

कोणाला शिकायचं असेल तर सांगते, क्लासला पैसे घालवू नका. तो कोर्स होता तसं एखादं ठिकाण धरा, जिथं डावीकडे आपण लिहायचं आणि उजवीकडे पान लगेच बदलताना दिसतं. पानावर काय आहे ते एचटीएमएल सांगतं. ते कुठे, केवढं, कोणत्या रंगात ते सीएसएस. अडलं की संदर्भाची मोठी साइट आहे, कोरडी ठणठणीत, पण खोटं सांगत नाही. व्हिडिओवाले सर हिंदीतून शिकवतात, 'दोस्तों' म्हणून सुरू करतात आणि अर्धा वेळ चॅनेलला सबस्क्राइब करा म्हणतात. ते पुढे ढकलायचं. एक बेडकांचा खेळ आहे, त्यात कोड लिहून बेडकांना आपापल्या कमळपानावर बसवायचं. लहान पोरांचं वाटतं, पण ओळी-रांगा डोक्यात बसतात त्या त्यानंच. आणि प्रश्न विचारायची एक साइट आहे, तिथं उत्तराआधी झापतात. काहून विचारलं, आधी शोधलं का नाही. मी तिथं नुसती वाचायला जायचे. सगळ्यात भारी म्हणजे कुठल्याही पानावर माउसचं उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' करायचं, दुसऱ्यानं कसं शिवलंय ते सगळं उसवून दिसतं.

झालेल्या धड्यांवरच्या ह्यांच्या हिरव्या खुणा अर्ध्या कोर्सपर्यंत आलेल्या होत्या. मी त्या मिटवल्या नाहीत, पण तो एक धडा झाल्यावर मागे जाऊन सगळे पहिल्यापासून केले. खातं त्यांचंच राहिलं. त्यामुळे रोज लॅपटॉप उघडला की वर मोठ्या अक्षरांत यायचं, पुन्हा स्वागत आहे, आणि पुढे ह्यांचं नाव. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. एकदा त्यांनी विचारलं, हे वर काय लिवलं. मी सांगितलं की ही साइट ह्यांना या म्हणते. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"रोज बलावते त्याले?"

मी हो म्हणाले. तेव्हापासून सकाळी चहा झाला की त्या खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसू लागल्या. ते नाव येईपर्यंत बसायच्या. आलं की उठून भाजी निवडायला जायच्या.

अकोल्याला एका छोट्या ऑफिसात वेबसाइटची कामं करणारी बाई पाहिजे, असं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. मी गेले. दुकानांच्या वर दोन खोल्या, कूलर घरघरत होता. ऑफिस सांभाळणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान, चष्मेवाली. तिनं रोपं विकणाऱ्या एका नर्सरीचं पान करायला दिलं: वर नाव, खाली गुलाबाचे फोटो, कोपऱ्यात फोन नंबर. मी ते करून टाकलं. हात बसलेला होता. प्रत्येक गोष्ट डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके पिक्सेल, अशी खिळ्यानं ठोकल्यासारखी जागेवर बसवली. मोठ्या स्क्रीनवर देखणं दिसत होतं. तिनं तेच पान आपल्या मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरलं. नाव गुलाबावर चढलं होतं आणि फोन नंबर स्क्रीनच्या बाहेर पळाला होता. कपाळ माझं.

आधी कुठे काम करत होता, तिनं विचारलं. मी सांगितलं.

"फ्लेक्स एका चौकात लागतो, ताई," ती म्हणाली. "पान प्रत्येकाच्या हातात वेगळं उघडतं."

हाकललं नाही तिनं. नजर चांगली आहे म्हणाली. कोर्स पुरा करा, त्याचं प्रमाणपत्र पाठवा, आणि हेच पान मोबाइलवर न मोडता करून आणा. पण लवकर, दुसरे दोघे विचारून गेलेत. मी परतीच्या गाडीत हिशेब केला, आखजी तोंडावर आली होती.

घरी येऊन मी सगळे पिक्सेल उपटून काढले. जागा नेमून द्यायची नाही, शेजारी-शेजारी कसं राहायचं आणि जागा कमी पडली तर कोणी खाली सरकायचं, एवढंच सांगायचं. फ्लेक्सवाल्या बाईला हे जड जातं. आम्हाला एक रेघ इकडची तिकडे झालेली चालत नाही. बेडकांचा खेळ पुन्हा पहिल्यापासून खेळले. नर्सरीचं पान माझ्या मोबाइलवर, सासूबाईंच्या जुन्या मोबाइलवर, घरमालकाच्या पोरीच्या टॅबवर उघडून पाहिलं. टिकलं. मग कोर्सचा शेवटचा धडा केला, आणि स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, अभिनंदन, आणि खाली प्रमाणपत्र. त्यावर ह्यांचं नाव.

सासूबाई शेजारीच होत्या. रंग उडालेले पाहून त्यांनी विचारलं, "पास झाला?"

मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेल्या.

गोष्ट साधी होती. नवं खातं उघडून सगळं परत करायला वेळ नव्हता. खात्यात नाव बदलायची सोय होती. बदललं की प्रमाणपत्रही माझ्या नावावर निघालं असतं. एक रकाना, एक बटण. दोन दिवस मी ते पान उघडत होते आणि बंद करत होते. श्रद्धांजलीत ह्यांचं नाव मीच ठळक केलं, मृत्यूच्या दाखल्यावर तपासून घेतलं, रेशनकार्डावरून कमी करताना सही केली, कधी हात थांबला नाही. इथं थांबला. तेवढी एकच जागा होती जिथं अजून कोणीतरी ह्यांना या म्हणत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा नको म्हणतील, म्हणजे माझी सुटका झाली असती. त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिटवाच्या आंधी एक डाव वाच. मोठ्यानं."

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, डोहाळजेवणात, सण-समारंभात बाया आडून घेतात, तेही यमक जुळवून, हसत-लाजत. एरवी 'हे', 'अहो', झालंच तर 'घरचे'. इतक्या वर्षांत त्यांच्या आईसमोर मी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. मी स्क्रीनवर बघून वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. यमक नाही, काही नाही. आवाज मधेच फाटला आणि मग मी जे रडले ते मला आवरेना. गल्लीतल्या बायांनी इतके महिने वाट पाहिली, आणि नेमकं तेव्हा कोणी नव्हतं. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थापटत राहिल्या. नंतर मी तोंड धुऊन आले आणि अक्षरं एकेक करून मिटवली, माझं नाव लिहिलं, बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं.

"आता कोनाले बलावते?" त्यांनी विचारलं.

मला, मी म्हणाले.

"मंग जाय."

नोकरी मिळाली. सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी, संध्याकाळी परत, उन्हाच्या झळा आणि उभ्यानं प्रवास, पण ते सगळेच करतात. आखजी झाली आणि पुढच्या रविवारी मोठे दीर ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आले. चहा घेतला, पंखा मोठा करायला सांगितला, मग आईची पिशवी कुठाय म्हणून विचारलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नोकरी लागली, भाडं निघेल, हे त्यांना फोनवर सांगून झालं होतं, पण त्यावर त्यांचं म्हणणं होतं की तुम्ही दिवसभर तिकडे, आई इथं एकटी, काही झालं तर? आमच्याकडे घर भरलेलं आहे. हेही चुकीचं नव्हतं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"तिकडं माह्यी काळजी कराले लय जन हायेत," त्या म्हणाल्या. "इथं सांजच्यानं मले वाट पायाले कोनीतरी हाये."