जिजाआईच्या सीटखाली

तलासरीत हिरूइतका सावकाश ड्रायव्हर दुसरा नाही. मागून ट्रकवाले शिव्या घालत जातात आणि हा त्यांना हात करतो. त्याच्या व्हॅनमधून वेळेवर पोचलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि तरी बायका-पोरं त्याच्याच गाडीसाठी खोळंबून राहतात. माझं किराणा दुकान स्टँडसमोरच, त्यामुळे हे मी रोज बघतो आणि रोज चिडतो.

गाडीचं कामही तो असंच करायचा. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे सकाळी गाडी लावायची आणि दिवसभर त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मिस्त्रीचं आटपलं की हिरू सीट उचलून एकेक पाइप आपल्या हाताने हलवून बघायचा, मगच गाडी काढायचा.

मे महिन्यात मात्र लग्नं इतकी की दिवसभर गाडी लावून ठेवणार कोण? त्या दुपारी कैनाडला दक्षा नावाच्या पोरीचं लग्न होतं आणि आम्ही तिकडेच निघालो होतो. दक्षाचा मामा नविन आम्हाला न्यायला आलेला. मी आणि तो मागे, तांदूळ-गुळाच्या पोत्यांना टेकून. आणि पुढच्या सीटवर हिरूची आई, जिजाआई. ती धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात ती गाते तेव्हा लग्न लागतं. ती पोचली नाही तर मांडव, नवरा, नवरी सगळं असून नसल्यासारखं.

चारोटीच्या अलीकडे गाडीचं पाणी कमी झालेलं हिरूला कळलं. हायवेला नवीन दुकान लागलं, त्यावर भली मोठी पाटी: दहा मिनिटांत सर्विस. हिरू म्हणाला, "मागे फिरून मिस्त्रीला दाखवतो."

"मांडवात लोक ताटकळलेत," नविन म्हणाला. "इथंच उरक ना, भाऊ."

उरकलंच त्यांनी. दोघं आले, सीट उचलली, रेडिएटरचा पाइप काढला, पाणी भरलं, पाइप बसवला, सीट आपटली. आमचा चहा बशीत ओतून होतो न होतो तोच, "हो गया सेठ, सब टाइट है." हिरू सवयीप्रमाणे बघायला उठला, पण तोवर जिजाआई सीटवर बसली होती आणि तिने गाणं सुरू केलं होतं.

इथे तिचा नेम सांगायला हवा. लग्नाच्या वाटेवर तिने गाणं धरलं की ते संपेपर्यंत ती बोलत नाही, बसल्या जागेवरून उठत नाही; आणि एरवी ते मांडवातच संपतं. गाणं तुटलं तर नवरा-नवरीचं तुटतं, असं तिच्या सासूने तिला शिकवलेलं. हिरू दारात क्षणभर घुटमळला. आईला उठ म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

डहाणूच्या रस्त्याला लागलो. नविनने डॅशबोर्डावर झेंडूची जाड माळ सोडली होती, तिच्यामागे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा वर चढला की खाली उतरला हे दिसायची सोय नव्हती. ऊन मी म्हणत होतं, गाडीत सगळंच तापलेलं. मला गोडसर, जळकट वास आला. गूळ वितळला असेल म्हणून मी पोतं चाचपलं. गूळ ठीक होता.

जिजाआई गात होती. नविन हलकेच टाळ्या वाजवत होता आणि टाळीचा वेग वाढत होता. मला वाटलं, म्हातारी रंगात आली. पण हिरूने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याने हे गाणं पोटात असल्यापासून ऐकलेलं. त्याची आई कधी गाणं पळवत नाही.

"आये?"

ती गातच राहिली. आणखी भरभर. कपाळावरून घाम गळत होता, दोन्ही हातांनी तिने सीटची कड धरली होती आणि पाय वर ओढून घेतले होते. तिला मांडव गाठायचा नव्हता, गाणं संपवायचं होतं, म्हणजे उठता येईल. हे हिरूला कळलं तेव्हा त्याचा चेहरा मी आरशात पाहिला. तसा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

त्याने गाडी कडेला घातली, इंजिन बंद केलं, पलीकडे धावत जाऊन दार उघडलं आणि आईला बसल्या अवस्थेतच दोन्ही हातांवर उचललं. चार पावलं गेला नसेल तोच सीटखालून फाट् आवाज झाला. पाइप सुटला. उकळतं पाणी आणि वाफ सीटच्या फटींतून वर उसळली, जिथे आत्ता म्हातारीचे पाय होते तिथे. मी आणि नविन मागच्या दाराने कसे बाहेर पडलो, आम्हालाच ठाऊक नाही.

नविन पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. "हात लावू नको, तोंड भाजेल," हिरू ओरडला. त्याला कुणावर ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आईला मात्र त्याने खाली ठेवलं नव्हतं. आणि ती त्याच्या हातांवर बसून गात होती. आता सावकाश.

एका चिकूच्या टेम्पोने आम्हाला कैनाडला पोचवलं. गाणं मांडवात संपलं आणि मगच जिजाआई म्हणाली, "भाजलं रे." मांड्यांवर टरारून फोड आले होते. दक्षाच्या आईने खोबरेल आणलं, हिरूने ते हटवून थंड पाणी ओतलं. ओतता ओतता त्याचा बांध फुटला.

"बोलली का नाहीस?"

"पोरीचं तुटलं असतं."

"आणि तू मेली असतीस तर माझं?"

जिजाआई त्याच्या खांद्याला धरून उठली. लग्न तिने उभ्यानेच लावलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन ओढून मिस्त्रीकडे नेली. पाइप धरून ठेवणारा पट्टा नुसता अडकवलेला होता, स्क्रू पिळून आवळलेलाच नव्हता; वाटभर तिथून कूलंटचं पाणी गळत होतं, तो गोडसर वास त्याचाच. मी हायवेवरच्या त्या दुकानदाराला चार शब्द सुनावून आलो. हिरू आला नाही. तो आईच्या उशाशी बसला होता.

महिन्याभरात जिजाआई पुन्हा लग्नाला निघाली. हिरूने सीट उचलली, पाइप हलवून बघितले, सीटवर स्वतः बसून बघितलं. मी दुकानातून चिडवलं, तरी हलेना. मग ती बसली आणि तिने गाणं धरलं. नेम तिने सोडलेला नाही, सोडणारही नाही. फक्त गाडी सुटायच्या आधी तिने उजवा हात पसरून त्याच्या दंडावर ठेवला आणि दंड घट्ट दाबून दाखवला, काही झालं तर असा दाबेन म्हणून. हिरूने मान डोलावली. नंतर सगळी वाट तो हात तिने काढला नाही, आणि गाडी नेहमीपेक्षाही सावकाश गेली.