काट्याच्या पोटातली ओळ

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर संगणक बसला, तेव्हापासून त्याच्या आज्ञा शून्य-एकांत छापून घेऊन काट्यावरचा कारकून रोज वाचायचा. कानावर तांबडी पेन्सिल असायची, ओठ हलत असायचे. एका सकाळी त्याने मला हाताला धरून आत नेले.

“पत्रकारसाहेब, ही ओळ बघा. वजन मोठं आलं की त्यातलं थोडं कापतीय. तपासणीला ठेवत्यात ती वजनं हलकी, म्हणून कुणाला घावलं न्हाय.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ द्या. काटा तर नीट व्हईल.”

त्याने भरलेली बैलगाडी तोलली. मग अर्धा ऊस उतरवून गाडी तोलली, त्यानंतर उतरवलेला ऊस. दोन्हींची बेरीज पहिल्या वजनापेक्षा जास्त भरली. गाडीवान काट्याभोवती दाटले. कारकुनाने बेरजेखाली तांबडी रेघ ओढली, पेन्सिल पुन्हा कानावर खोचली आणि रांगेतल्या पुढच्या गाडीवानाला हाक दिली.

“मामा, आता तुमची गाडी घ्या. अर्धी-अर्धी तोलू.”